पेचकसाला खटका

खंडेनवमीला आमच्या घरी देवघरासमोर सतरा चाकू मांडले जातात. पाटावर लाल कापड, त्यावर आधी बाबांची पक्कड आणि टेस्टर, मग आईची विळी, मुलाचा लॅपटॉप, आणि उरलेल्या जागेत माझे चाकू, मिटलेले, एका रांगेत. बायको झेंडूची फुलं ठेवता ठेवता दरवर्षी म्हणते, "एखाद्या वर्षी कुणी फोटो काढून पोलिसांना पाठवला ना, तर मला काही विचारू नका." मग हळदकुंकवाचं ओलं बोट पहिल्या चाकूकडे नेते आणि मी ओरडतो, "पात्याला नको, मुठीला लाव!"

ओरडण्याला कारण आहे. एका वर्षी उघड्या पात्याला कुंकू लागलं, मी पाट उचलून ठेवला आणि थेट कोजागरीला आठवण झाली. साधं कार्बन स्टील ते, त्याला सहा दिवसांचा ओलावा पुष्कळ झाला. कुंकू पुसलं तर खाली टिकलीएवढा काळा डाग. तो घासून जातो, पण मी घासलेला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

हे चाकू इलेक्ट्रिशियनचे आहेत. म्हणजे खिशात मावणारे, मिटवायचे, दोन पात्यांचे. एक पातं कापायला. दुसरं पातं म्हणजे खरं तर पेचकसच, स्क्रू फिरवायचा. टोक सपाट, आणि कडेला थोडी बोथट धार, तारेवरचं रबर खरवडायला. काहींत तार अडकवायला छोटी खाचही असते. मुठीच्या टोकाला कडी, दोरी बांधून कमरेला लटकवायला. एवढंच. वाघनखं नाहीत, कट्यार नाही. जुने अडकित्ते जमवणाऱ्याला कुणी हसत नाही, पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपुढे लोक चांगले रेंगाळतात. मी "चाकू जमवतो" म्हटलं की समोरचा अर्धं पाऊल मागे घेतो, आणि "वायरमनचे" म्हटलं की त्याचा रसच जातो. दोन्ही मला सवयीचं झालंय.

बाबा वायरमन होते. वीज बोर्डात नव्हते. स्वतःचं लायसन्स, स्वतःची शिडी, आणि सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधलेली लाकडी पेटी. नागपूरच्या महाल, इतवारी या भागांतल्या जुन्या वाड्यांची बॅटन वायरिंग त्यांनी केली. सागवानी पट्टी भिंतीला ठोकायची, तिच्यावरून तारा न्यायच्या, पत्र्याच्या क्लिपांनी दाबायच्या. फ्यूज चिनीमातीचे. तारेची मापं ते 'एक अठरा', 'तीन वीस', 'सात वीस' अशी सांगायचे. म्हणजे किती धागे आणि धाग्याचा गेज कितीचा. मला लहानपणी ती पाढ्यासारखी वाटायची.

तार सोलायला त्यांनी मला शिकवलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. ओट्यावर बसवलं, हातात वीतभर जुनी तार दिली आणि आपला चाकू दिला. मी काय केलं, कुणीही करेल तेच. पातं तारेवर आडवं ठेवलं, गोल फिरवलं, रबर ओढून काढलं. छान स्वच्छ तांबं बाहेर आलं. मी खूश. बाबांनी ती तार घेतली, जिथं रबर संपत होतं तिथं धरून दोनदा इकडे, दोनदा तिकडे वाकवली, आणि तांब्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"पाह्य. कुठून तुटली?"

जिथं मी पातं फिरवलं होतं, बरोबर तिथून. पात्याने रबर संपल्यावर तांब्यालाही एक केसाएवढी चीर दिली होती. डोळ्याला दिसत नव्हती.

"पेन्सिल कशी सोलते तू? तिरपं पातं धर. दूर ढकल. तांब्याले लागलं तं लागू दे, पण घसरत गेलं पाह्यजे, रुतलं नाही पाह्यजे."

मग कळलं की तार सोलणं आणि पेन्सिल सोलणं एकच आहे. पातं जवळजवळ तारेला समांतर, रबराचा लांब तिरपा काप निघतो, तार फिरवायची, पुन्हा काप. शेवटी रबर संपतं तिथं कडा उभी राहत नाही, उतार राहतो, आणि त्याच्यावर टेप नीट बसते. मग पात्याच्या पाठीने तांबं खरवडून लख्ख करायचं आणि दोन तारा एकमेकींवर घट्ट पाच-सहा वेढे देऊन पिळायच्या. त्या जोडाला 'वेस्टर्न युनियन' म्हणतात. तारखात्याच्या अमेरिकन कंपनीचं ते नाव आहे हे मला फार नंतर समजलं. बाबा 'वेष्टन युनियन' म्हणायचे आणि मला ते वेष्टनावरून आलेलंच वाटायचं.

"पण तार तर तुटली नसती ना बाबा, कुणी वाकवली नसती तर?"

"आज नाही तुटत. टेपच्या आत राहते, उन्हाळ्यात गरम होते, पावसाळ्यात गार होते, अन् एक दिवस तुटते. तवा तू नसते तिथं."

जुन्या रबरी तारेचं तांबं पांढरट दिसायचं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "कल्हई आहे थे." मला थट्टा वाटली. पण ती खरीच कल्हई होती. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात, आणि गंधक तांब्याला लागलं की तांबं काळं पडतं. म्हणून रबर चढवण्याआधी तारेला कथिलाचा पातळ थर द्यायचे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून आई दारावर आलेल्या कल्हईवाल्याला थांबवायची, तसंच ते. पुढे पीव्हीसी आलं, कथिलाची गरज संपली. आता तार सोलली की लालबुंद तांबं निघतं आणि मला ते अजून थोडं उघडंनागडं वाटतं.

बाबांच्या उजव्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या बरोबर वर, एक आडवा वण होता. जुना, पांढरा पडलेला. आम्ही भावंडं समजायचो की चाकू लागला. चाकूच लागला होता, पण पातं नाही. पेचकस. त्यांच्या चाकूत दोन्ही पाती नुसत्या स्प्रिंगवर होती. एक गंजका स्क्रू काढताना त्यांनी जोर लावला, टोक खाचेतून सटकलं, आणि पेचकस उलटा मिटला तो बोटावर. कापायचं पातं धारदार असतं म्हणून माणूस जपून धरतो. पेचकसाला कोण भितो?

तर, इतवारी.

नागपुरात वारांच्या नावाच्या पेठा आहेत: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आणि कुठल्याही वारी गेलं तरी गर्दी तेवढीच. वीसेक वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कूलरच्या पंपाचा पंखा मिळतो का बघायला मी लोहाओळीच्या मागच्या भंगाराच्या दुकानांत हिंडत होतो. एका चाचांच्या दुकानात डालड्याच्या जुन्या डब्यात पाने, छिन्न्या, तुटक्या पकडी आणि एक मिटलेला चाकू होता. मूठ तपकिरी लाकडाची, एका बाजूला चिरलेली. मुठीवर इंग्रजी अक्षरं कोरलेली: टीएल-२९.

"कितने का चाचा?"

"मिलिटरी का है. कामठी का माल है. डेढ़ सौ."

हे एक सांगून ठेवतो. नागपुरात जुनं लोखंड विकणारा प्रत्येक जण माल कामठीच्या छावणीतून आल्याचं सांगतो. छावणी १८२१ सालची आहे, त्यामुळे थाप मारायला दोनशे वर्षांची ऐसपैस जागा मिळते. नव्वदला सौदा झाला.

दुकानातच पेचकसाचं पातं उघडलं आणि आवाज आला. टक्. कापायचं पातं उघडताना असा आवाज येत नव्हता, ते नुसतं स्प्रिंगवर बसत होतं. पेचकस मात्र मिटेना. दोनदा जोर लावला. चाचा म्हणाले, "जाम हो गया होगा, तेल डालो." तेलाचा काही संबंध नव्हता. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पितळेचा पातळ पत्रा असतो. त्यातल्या एकाची पट्टी कापून किंचित आत वाकवलेली होती. पेचकस पूर्ण उघडला की ती पट्टी सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते, दाराला आतून अडणा लावावा तशी. अंगठ्याने ती बाजूला सारली की मगच तो मिटतो.

खटका पेचकसाला. पात्याला नाही.

संध्याकाळी महालात जाऊन चाकू बाबांच्या हातात दिला. ते तेव्हा काम जवळजवळ बंद करून बसले होते, पण हात विसरले नव्हते. त्यांनी कापायचं पातं उघडलं, धारेवर आडवा अंगठा फिरवला, मिटवलं. पेचकस उघडला. टक्. मिटवायला गेले, अडलं. चष्मा वर केला, आत डोकावून पाहिलं, पट्टी सारली, मिटवला. पुन्हा उघडला. असं सहा-सात वेळा झालं. आई चहा घेऊन आली तरी मान वर नाही.

मग म्हणाले, "हे ज्यानं केलं, त्याचं बोट कापलं असन."

माझ्या संग्रहाबद्दल मला जे काही म्हणायचंय ते सगळं या वाक्यात आहे, पण तेव्हा मी त्यांना मोठ्या उत्साहाने चाकू किती जुना, किती कमी वापरलेला, पातं कसं अजून भरलेलं हेच सांगत होतो. त्यांनी पातं पुन्हा उघडून उजेडात धरलं. "झिजलंच नाही हे. ज्याचा होता थो कामचुकार होता."

पुढे वाचत गेलो तशी या पट्टीची माहिती मिळाली. १९०६ साली अमेरिकेत वॉटसन आणि चॅडविक या दोघांनी या खटक्याचं पेटंट घेतलं, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटरॉगस नावाच्या चाकूच्या कंपनीसाठी. टीएल-२९ हा अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरचा चाकू. मिटल्यावर लांबी पावणेचार इंच. दुसऱ्या महायुद्धात तारा ओढणाऱ्या सैनिकाला कमरेला लावायला चामड्याची एक पिशवी मिळायची, सीएस-३४, तिच्यात हा चाकू आणि शेजारी पक्कड, आणि तिन्ही मिळून संच टीई-३३. करणारे अनेक होते: कॅमिलस, अल्स्टर, श्रेड, इम्पीरियल. अमेरिकन सैन्य १९४२च्या डिसेंबरपासून आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशाकडे रस्ता काढत होतं आणि रस्त्यासोबत टेलिफोनच्या तारा जात होत्या. इतक्या तारा ओढायच्या म्हणजे तितके चाकू आणि तितकी बोटं. श्रेडचा कारखाना २००४ साली बंद पडला, कॅमिलसचा २००७ साली.

इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत नसेल तर महागात पडू शकते. लाकडी मूठ बघून लोकांना वाटतं की हा चाकू विजेपासून वाचवतो. अजिबात नाही. मुठीच्या टोकाला धातूची टोपी, आत पितळेचे पत्रे, लाकडातून आरपार गेलेले खिळे, शेवटी धातूची कडी. चालू तारेला टेकवला तर करंट सरळ हातात. त्या सैनिकाला चाललं, कारण त्याचा ईई-८ फिल्ड टेलिफोन दोन मोठ्या सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर बोलायचा. समोरच्याने हँडल फिरवून घंटी दिली तरच काय तो झटका. आपल्या घरात २३० व्होल्ट. बाबा चाकू काढायच्या आधी मेन स्विच खाली करायचे, फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घालायचे, मग टेस्टर लावायचे, आणि मग, टेस्टरवर विश्वास नसल्यासारखे, हाताची पालथी बाजू हळूच टेकवून बघायचे. करंट लागला तर मूठ आवळली जाते. तळहात टेकवला तर ती तारेवरच आवळते, सुटत नाही. पालथा हात आवळला तर मागे येतो. टेस्टर हातात असताना हे कशाला, असं मी मोठा झाल्यावर म्हणायचो, आणि आजही म्हणेन. पण ती सवय होती.

पहिल्या चाकूनंतर दुसरा, तिसरा असं होत गेलं. यात फार सांगण्यासारखं नाही. जमवणाऱ्यांच्या कथा सगळ्या सारख्याच असतात, कुठे सापडला आणि कितीला सापडला. मुंबईत, जमवणाऱ्यांच्या पंढरीत, म्हणजे चोरबाजारात, एक सोलिंगेनचा केबल चाकू मिळाला. आकडीसारखं वाकडं छोटं पातं आणि गोल लाकडी मूठ. सोलिंगेन हे जर्मनीतलं गाव, आणि तिथे न घडवलेल्या वस्तूवर ते नाव छापायला १९३८पासून कायद्याने बंदी आहे, हापूसच्या पेटीवर देवगड लिहिण्यावरून आपल्याकडे जे चाललंय ते त्यांनी फार आधी उरकलं. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूंवर तारा आणि माल्टीज क्रॉस अशी खूण असते. आमच्या आजोबांच्या पिढीत 'रॉजरचा चाकू' म्हणजे शब्दच संपला, त्यामुळे नकलाही उदंड. माझ्याकडे एक आहे ज्यावर ताऱ्याला सहाऐवजी पाच टोकं आहेत. तो मी असली म्हणून घेतला होता. ठेवलाय तसाच, गर्वाला औषध म्हणून.

शिकागोच्या क्लाइन कंपनीची एक गोष्ट मला आवडते. कंपनी स्वतःच सांगते. १८५७ साली तारखात्याचा एक लाइनमन तुटलेली पक्कड घेऊन मथायस क्लाइन नावाच्या लोहाराकडे आला. पकडीचा एक पाय तुटला होता. क्लाइनने नवा पाय घडवला आणि जुन्याला जोडला. काही दिवसांनी तोच लाइनमन परत आला, आता जुना पाय तुटला होता. क्लाइनने तोही नवा घडवून दिला. म्हणजे क्लाइनची पहिली अख्खी पक्कड तयार झाली, आणि लाइनमनच्या दृष्टीने मात्र ती आपली जुनीच. बाबांना सांगितली तर ते हसलेच नाहीत. "मंग? पक्कड त्याचीच ना," म्हणाले.

आता त्या डागाबद्दल. दुसरा टीएल-२९ हाती लागला तेव्हा तो काळपट, मळकट होता. मी हौसेने एका भांडीवाल्याकडे नेऊन बफ मारून आणला. आरशासारखा झाला. घरी येऊन भिंगाखाली धरला तर पात्याच्या बुडाशी कारखान्याचं नाव जिथं असतं तिथं चकचकीत कोरं स्टील. 'अल्स्टर'मधलं शेवटचं 'स्टर' तेवढं अंधूक उरलंय, तेही उजेड तिरपा धरला तर. कडा गोल झाल्या, खरवडायची धार गेली. दहा मिनिटांत मी ते केलं जे आधीच्या मालकाला आयुष्यभरात जमलं नव्हतं. तेव्हापासून मी काही घासत नाही. लाल गंज वाढतो, तो तेलाच्या बोळ्याने पुसून काढायचा. करडा-निळा थर मात्र राहू द्यायचा, तो उलट खालच्या स्टीलला सांभाळतो. लिंबू कापलं की असा थर पटकन येतो. परदेशातले हौशी लोक मुद्दाम संत्रीमोसंबी कापून तो आणतात असं वाचलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, आपल्याकडे तर सोन्याची खाण आहे. ती म्हणाली, "संत्रं सुरीने कापणारा माणूस नागपूरचा नव्हे." ते खरंच होतं. लिंबावर भागवलं.

नागपूरची हवा चाकूंना एका बाजूने चांगली, एका बाजूने वाईट. मे महिन्यात कशालाही गंज चढत नाही, हवेत ओलावाच नसतो. पण त्याच हवेने लाकडी मुठी आकसतात, खिळ्यापाशी तडकतात, पत्र्यापासून अर्धा केस सुटतात. मग जुलैत त्या फटीत ओल शिरते. मी वर्षातून दोनदा लाकडाला जवसाचं तेल लावतो आणि सांध्यांना शिलाई मशीनचं. खोबरेल नाही, ते चिकट होऊन बसतं. आणि चामड्याच्या पिशवीत चाकू ठेवायचा नाही, दिसायला कितीही ऐटदार असो. चामड्यात ओल राहते आणि पितळेवर हिरवा जंगाल चढतो.

माझं स्वतःचं बोटही कापून झालंय. सात-आठ वर्षांपूर्वी पट्ट्याला नवं भोक पाडायचं होतं. हाताशी पहिला टीएल-२९ होता. मी कापायचं पातं उघडलं, टोक चामड्यावर ठेवून दाबलं. टोक रुतलं, पातं मागे मिटलं. तर्जनी. तीन टाके. दवाखान्यात बसल्या बसल्या डोक्यात आलं की चाकू करणाऱ्याने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. दाबायचं काम ज्याचं, त्याला खटका दिला. पात्याला दिला नाही, कारण पात्याने दाबायचं नसतंच, पातं तिरपं पुढे सरकवायचं असतं, पेन्सिल सोलल्यासारखं. मी उलटं केलं. बाबा तेव्हा नव्हते, नाहीतर टाके बघून त्यांनी आधी हेच विचारलं असतं की कुठलं पातं उघडलं होतं.

लोकांची भीती मात्र पात्यापाशीच असते. एका मॉलच्या दारावर बॅगेत माझा चाकू सापडला तेव्हा रखवालदाराने पातं उघडून टोकाला बोट लावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि दुसरं पातं उघडून म्हणाला, "हे चालते, हे नाही चालत." कायद्यातही परवाना लागतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि तोही घरकामाचं, शेतीचं किंवा कारखान्याचं हत्यार असेल तर नाही. माझं सगळ्यात मोठं पातं पावणेतीन इंचाचं. तरी मी आता घराबाहेर नेत नाही. रखवालदाराशी वाद घालण्यात मजा नाही, तो त्याचं काम करत असतो.

बाबांना ज्या गोष्टीची खरी भीती होती ती पत्र्याची होती. होळी झाली की नागपूर कूलर बाहेर काढतं. गच्चीवरून, जिन्याखालून, वर्षभराची धूळ खाल्लेले पत्र्याचे डबे. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं, पंप सोडायचा, वायर खिडकीतून आत घ्यायची. पाणी, पत्रा, ओली जमीन आणि अनवाणी पाय, सगळं एका ठिकाणी. पंपाची वायर आत कुठेतरी सोललेली असली आणि अर्थिंग नसलं तर अख्खा डबा चालू. दिसत काहीच नाही. गार हवा येत असते, वाळ्याचा वास येत असतो. दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते. बाबा कूलर लावायला गेले की लोक पंखा-पंप दाखवायचे आणि ते खाली वाकून तिसरी तार शोधायचे. हिरवी तार नसेल तर पैसे न घेता परत यायचे. एकदा कुणी तरी वैतागून म्हणालं, "अहो, मागच्या वर्षी असाच चालला." बाबा म्हणाले, "मागच्या वर्षीचं मागच्या वर्षी."

ते गेले तेव्हा पेटी माझ्याकडे आली. त्यांचा चाकू पाटावर पक्कड-टेस्टरसोबत असतो, माझ्या सतरांमध्ये मी त्याला धरत नाही. त्याचं पातं झिजून झिजून निम्मं झालंय, शेवटी शेवटी तर ते एखाद्या बोरूसारखं दिसायला लागलं होतं. शिक्का कधीच गेलाय. पेचकसाच्या टोकाला एक कोपरा तुटका आहे. बाजारात त्याचे वीस रुपये येणार नाहीत.

यंदा मार्चमध्ये कूलर बसवायला एक मुलगा आला. वीस-बावीसचा, कानात इअरफोन, खांद्याला शाळेचं दप्तर असतं तशी बॅग. त्याने नवी वायर कापली आणि दातात धरून सोलायला लागला. मला ते बघवेना. आत जाऊन पहिला टीएल-२९ आणून दिला.

"हे काय, काका?"

"चाकू. तार सोल याने."

त्याने पातं उघडलं, तारेवर आडवं ठेवलं आणि गोल फिरवलं. मी तोंड उघडलं. "अरे, तिरपं..." 

"काका, नाही तुटत तार. फ्लेक्झिबल आहे ही."

फ्लेक्झिबल असली म्हणून काय, तिचे बारीक धागे आतल्या आत चार-चार कापले जातात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो, हे मी सांगणार होतो. पण त्याने तोवर धागे पिळून टर्मिनलमध्ये घातले होते आणि पेचकस उघडला होता. टक्. स्क्रू आवळला. पुढचा आवळला. तिसरी तार पत्र्याच्या बोल्टला लावली, हिरवी, मी न सांगता. पाणी सोडलं, बटण दाबलं, पंखा घुमायला लागला. आणि कूलरला हात लावायच्या आधी त्याने हात उलटा केला, बोटांची पाठ पत्र्याला अलगद टेकवली, काढली.

"हे कुणी शिकवलं?"

"काय?"

"उलटा हात."

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "कोणी नाही. असंच करते ना सगळे."

मग इअरफोन काढून त्याने चाकू माझ्याकडे धरला, पेचकस उघडाच. दोन्ही हातांनी दाबून दाबून त्याचे अंगठे लाल झाले होते.

"काका, हे बंदच नाही होऊन राहिलं."